लेक रात्री कुणाशी बोलते? काळे कपडे, मेटल आणि त्याच्या पलीकडचं

सुरंगी
नमस्कार. इथे वाचत असते, लिहीत फारशी नाही, पण आता विचारायला दुसरी जागा नाही म्हणून लिहितेय. मोठं होईल, सांभाळून घ्या.

लेक पंधरा वर्षांची. नववी झाली, जूनपासून दहावी. आम्ही देवगड तालुक्यात, नवऱ्याची हापूसची कलमं आहेत, मी पतपेढीत, घरात सासूबाई आणि धाकटा मुलगा. गेल्या पावसाळ्यापासून लेकीचं सगळं काळं व्हायला लागलं, म्हणजे कपडे, नखं, डोळ्यांभोवती जाड काजळ, वहीच्या मागच्या पानांवर कवट्या, उलटे क्रॉस, डोळ्यांतून काळं पाणी गळणारी माणसं. चित्रं काढते मात्र सुंदर, हे सांगायलाच हवं. गाणी अशी की सासूबाई विचारतात, "ह्यो माणूस आरडता कित्याक?" इथवर मी काही बोलले नाही, वय आहे म्हटलं, नखं काळी केल्याने कुणाचं काय जातं.

पण आता रात्री दोन-अडीचला तिच्या खोलीत फोनचा उजेड असतो. हेडफोन लावून हळू आवाजात इंग्रजीत बोलते, मी दार लोटलं की फोन उपडा. कोण म्हणून विचारलं की "फ्रेंड्स". डिस्कॉर्ड नावाच्या गप्पांच्या ॲपवर कुठलातरी ग्रुप आहे एवढं कळलंय, एका गेममधून ओळख झाली, त्यात एक कुणीतरी आहे जो हिच्या मते हिला सगळ्यांपेक्षा जास्त समजतो. त्याचं खरं नाव हिला माहीत आहे की नाही याचीच मला शंका आहे.

परवा पेट्या भरायला सगळे बसलो होतो. मे महिन्यातला आपल्याकडचा उकाडा माहितीये, पंख्याखाली बसूनही पाठीवरून घाम गळतो, आणि ही काळा फुलबाह्यांचा हूडी घालून पेंढ्यात आंबे लावतेय, केस कपाळाला चिकटलेले. मी म्हटलं बाह्या तरी वर कर गो, चीक लागेल कपड्यांना. तिने उलट बाही ओढून बोटांपर्यंत खाली घेतली. फोन शेजारच्या पेटीवर उपडा ठेवलेला, सारखा थरथरत होता, आणि प्रत्येक वेळी हिचा चेहरा उतरत होता. आनंदाने वाट बघणाऱ्या मुलीचा तो चेहरा नव्हता, इतकं मला कळतं.

शाळेतून एकदा बोलावणं आलं होतं, चित्रांची वही समोर ठेवून सांगितलं की तुमची मुलगी सैतानाच्या नादी लागलीये, इतर पालक तक्रार करतायत. घरी सासूबाईंचं म्हणणं, "चेडवाक भायरचा लागला हा", म्हणजे पोरीला बाहेरची बाधा झालीये, नणंद कुठल्याशा भगताकडे न्यायला मागे लागलीये. नवरा म्हणतो फोन दगडावर आपटतो. तो वाईट माणूस नाही हो, पण पहाटे बागेत गेलेला माणूस रात्री येतो तेव्हा त्याच्यात बोलायचं त्राण नसतं.

कशाला हात घालू आणि कशाला नको ते सांगा.

आप्पा_गुहागर
ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. फोन आजच्या आज काढून घ्या. पंधरा वर्षांच्या मुलीला रात्री फोन कशासाठी हवा? आमच्या वेळी वडिलांचा नुसता खाकरण्याचा आवाज आला तरी पुरे होता. ते काळे कपडे बंद करा, गाणी बंद करा, सुट्टीत मामाकडे पाठवा, आणि ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घाला, त्याने कुणाचं नुकसान झालेलं नाही. भगतबिगत मात्र नको, त्याच्या मी विरोधात आहे. पोर हातची जाण्याआधी कडक व्हा. दोन मुली वाढवल्यात म्हणून सांगतोय.

हेडबँगर_चिपळूण
सुरंगीताई, मी अडतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, विमा एजंट, आणि शाळेपासून मेटल, म्हणजे जड गिटारचं, आरडाओरड्याचं रॉक संगीत, ऐकतो. २००७ मध्ये आयर्न मेडन हा मेटल बँड बंगलोरला आला तेव्हा चिपळूणहून गाड्या बदलत गेलो होतो, आईने डब्यात घावणे दिले होते. त्यामुळे आधी त्या काळ्या कपड्यांबद्दल.

हेवी मेटल सैतानाने काढलेलं नाही. १९७० च्या आसपास इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला, कारखान्यांच्या शहरात, कामगारांच्या पोरांनी ते सुरू केलं. ब्लॅक सबाथ या बँडच्या गिटारवाल्याची दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात मशीनखाली गेली, त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, बोटं दुखू नयेत म्हणून तारा सैल ठेवल्या, त्या जड आवाजामागे हेही एक कारण आहे. गॉथ हा प्रकार वेगळा, तो त्याच देशात सत्तरच्या दशकाच्या शेवटी पंक रॉकनंतर आला, त्यात उदासपणा, कविता, जुनी थडगी, पांढरा चेहरा. त्यातली बहुतेक पोरं मी बघितलीत ती लाजरी, वाचणारी, वर्गात कुणाशी न जमणारी. त्यांना त्या काळ्यात आपली माणसं सापडतात.

मी आंधळेपणाने बाजू घेत नाहीये. नॉर्वेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक मेटल या मेटलच्याच टोकाच्या प्रकारातल्या काही पोरांनी खरंच चर्चं जाळली, १९९२ मध्ये बर्गेनजवळचं फँटॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जळलं, खूनही झाले. ते घडलंय. पण उलटंही घडलंय आणि ते तुमच्या शाळेने वाचायला हवं. अमेरिकेत वेस्ट मेम्फिस नावाच्या गावात १९९३ मध्ये तीन लहान मुलांचा खून झाला. तिथल्या तीन पोरांवर आळ आला, त्यातल्या एकाचे काळे कपडे आणि मेटल ऐकणं कोर्टात सैतानपूजेचा पुरावा म्हणून मांडलं गेलं. दोघांना जन्मठेप, एकाला फाशी. २०११ मध्ये तिघं सुटली, आयुष्याची अठरा वर्षं आत घालवून. गाव एकदा घाबरलं की काय होतं ते बघा. म्हणून 'सैतानाच्या नादी लागली' हे वाक्य हलकं घेऊ नका, लेकीच्या कपाळावर ते चिकटायच्या आत शाळेला थांबवा.

आता जे मला खटकलं ते. तुम्ही लिहिलंय फोन थरथरला की चेहरा उतरतो. आम्ही मेटलवाले गाणी एकमेकांवर लादतो, नको त्याच्याही कानात हेडफोन घालतो, लपवत नाही. काळे कपडे ती तुमच्यासमोर घालते, चित्रं शाळेच्या वहीत काढते. ती लपवते फक्त तो रात्रीचा माणूस. तिकडे बघा. आप्पांचं ऐकून गाणी बंद केलीत तर तिच्याकडे तो माणूस तेवढाच उरेल.

खाडीकाठ
मी रत्नागिरीची, मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात बरीच वर्षं काम करतेय, किशोरवयीन मुलंच जास्त. वरच्या हेडबँगर यांच्या शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत.

सुरंगी, त्या बाह्या. तुम्ही लिहिलं नाहीत पण तुमच्या मनात तेच आहे ना? मुलं स्वतःला इजा करतात तेव्हा ऐन उन्हाळ्यात पूर्ण बाह्या, मनगटभर बांगड्या किंवा रबर, अंघोळीला फार वेळ, पोहायला यायला नकार अशा गोष्टी दिसतात. यातलं एखादं दिसलं म्हणजे तेच असेल असं अजिबात नाही, पण विचारायला हवं, आणि सरळ विचारायला हवं. पालकांना वाटतं विचारलं तर डोक्यात नसलेलं डोक्यात जाईल, तसं होत नाही. विचारल्याने मुलांना हायसं वाटतं की चला, कुणाला तरी दिसलं. "तू स्वतःला दुखावतेस का? मरून जावंसं वाटतं का?" याच शब्दांत. उत्तर हो आलं तर रडू नका, ओरडू नका, शपथा घालू नका, 'आमच्या तोंडाला काळं फासलंस' हे तर चुकूनही नको. सांगितलंस बरं झालं, आता आपण दोघी मिळून बघू, एवढं पुरे. हाताला धरून बाही वर करायला लावू नका, तिने दाखवलं तर बघा. घरातली औषधं आणि बागेतली फवारणीची औषधं मात्र आजच कुलपात टाका, आपल्याकडे आंब्याच्या घरांत ती पडवीत उघडी पडलेली असतात.

मदत कुठे? टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पालकांनीही फोन केला तरी चालतो. लहान मुलांसाठी १०९८. तुमच्या जिल्ह्यात ओरोसला जिल्हा रुग्णालय आहे, तिथे मानसोपचाराची चौकशी करा. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ सालचं, आपल्याकडे त्याचं नाव चेष्टेत घेतात म्हणून लोक बाह्यरुग्ण विभागातही पाय ठेवत नाहीत, आणि मुलं मात्र आत कुढत राहतात. याचा मला मनापासून राग येतो. जखम ताजी असेल किंवा मरायचं बोलत असेल तर ओपीडीच्या वाराची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात जा, आणि तोपर्यंत तिला एकटी ठेवू नका.

सुरंगी
खाडीकाठ ताई, हो, मनात तेच आहे. लिहायला हात धजावला नाही.
फवारणीची औषधं आत्ता उठून मांगरात नेऊन कुलूप लावलं. विचारायचं कुठे पण? घरात सासूबाई सतत असतात, भिंती पत्र्याच्या नसल्या तरी कान सगळीकडे.

खाडीकाठ
समोरासमोर बसवून नका विचारू, कोर्टात उभं केल्यासारखं होतं. स्कूटरवर मागे बसवून कुठेतरी न्या. नजरेला नजर नसली की या वयाची मुलं जास्त बोलतात.

निळीशाई
धागा वाचून लॉगिन केलं. सायबर गुन्ह्यांच्या तपासाशी माझा कामाचा संबंध आहे, यापलीकडे सांगत नाही.

गेममधून ओळख, मग डिस्कॉर्ड, मग 'मी तुला सगळ्यांपेक्षा समजतो', मग रात्रीचे कॉल, मग भीती. हा क्रम मला चांगलाच ओळखीचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने पालकांसाठी जाहीर इशारा दिला होता, ७६४ आणि तशाच नावांच्या ऑनलाइन टोळ्यांबद्दल. टेक्सासमधल्या एका शाळकरी वयाच्या मुलाने २०२१ च्या आसपास हे सुरू केलं, नाव त्याच्या गावच्या पिनकोडच्या आकड्यांवरून, त्याला २०२३ मध्ये ८० वर्षांची शिक्षा झाली, तरी टोळ्या संपल्या नाहीत, नवीन नावांनी फुटत गेल्या. हे लोक उदास, एकटी पडलेली मुलं हेरतात. मानसिक त्रासाबद्दल मुलं जिथे मोकळेपणाने बोलतात अशा ग्रुपमध्ये मुद्दाम शिरतात. आधी लाड, मग फोटो, मग फोटो घरच्यांना पाठवीन ही धमकी, आणि मग मुलांकडून स्वतःलाच इजा करून घ्यायला लावतात, अंगावर त्यांचं नाव किंवा खूण करायला लावतात. कित्येकदा पैसे मागतच नाहीत. दुसऱ्याला मोडायचं हाच हेतू असतो, म्हणून आपल्यासारख्या माणसाला ते लवकर लक्षात येत नाही. यातल्या काहींना सैतानी चिन्हांचं, नाझी चिन्हांचं भारी आकर्षण असतं आणि त्यामुळेच गोंधळ होतो, वहीत कवटी काढणारी मुलगी आणि तिला छळणारा माणूस शाळेला एकाच माळेचे मणी वाटतात. त्यात मुलगी शिकार असते.

सुरंगीताईंच्या लेकीबाबत असंच आहे असं मी म्हणत नाही. पण असेल असं धरून वागा, त्यात नुकसान नाही.

फोन आपटू नका. पुरावा त्यातच आहे, आणि मूल अचानक गप्प झालं की समोरचा चवताळून फोटो पसरवायची धमकी खरी करू शकतो. ग्रुप डिलीट करू नका, अकाउंट बंद करू नका. युजरनेम, तारखा, धमक्यांचा मजकूर यांचे स्क्रीनशॉट घ्या. पण फोटो नको त्या प्रकारचे असतील तर त्यांचे स्क्रीनशॉट घेऊ नका, स्वतःच्या फोनवर घेऊ नका, कुणाला पुढे पाठवू नका, वकील असो की भाऊ. अल्पवयीन मुलांचे तसे फोटो पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याच्या ६७ ब कलमाखाली गुन्हा आहे. ते त्या फोनवर जसे आहेत तसे राहू देत, तपास करणारे बघतील. त्या माणसाला तुम्ही उत्तर देऊ नका, त्याला सुनावायचा मोह आवरा. काही मागितलं तर द्यायचं नाही, एक दिलं की दुसरं मागतो.

तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर, तिथे महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे. १९३० हा नंबरही आहे. आणि फोटो गेला असेल तर 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतली हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणारी संस्था चालवते, अठराच्या आतल्या कुणालाही जगातून कुठूनही वापरता येते. फोटो फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि सामील असलेल्या साइट त्यावरून तो फोटो शोधून काढून टाकतात.

आप्पा_गुहागर
निळीशाई, तुम्ही सांगता ते भयंकर आहे आणि मला खरंच माहीत नव्हतं. फोन आपटू नये हे पटलं. पण एक व्यवहाराची गोष्ट विचारतो, गावात पोलिसांची गाडी दारात आली की दुसऱ्या दिवशी बाजारात चर्चा. मुलीचं पुढे काय? बापाला हेच आधी दिसतं. तक्रार न करता काही होत नाही का?

निळीशाई
आप्पा, प्रश्न रास्त आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यात, याचा विचार केलेला आहे, लोकांना माहीत नसतो एवढंच. कलम २४ नुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि जबाब घेताना अंगावर गणवेश नको. मुलाला कुठल्याही कारणाने रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. कलम २३ प्रमाणे नाव, पत्ता, शाळा, घरच्यांची ओळख, शेजार यातलं काहीही छापता येत नाही. तुम्ही अर्जातच लिहा की साध्या कपड्यांत, खाजगी गाडीने या. आणि शोषण झाल्याचं माहीत असून न कळवणं हाही याच कायद्यात गुन्हा आहे, म्हणून 'तक्रार न करता' हा रस्ता तसाही बंद आहे. तो माणूस फक्त एका मुलीशी बोलत नसतो हेही लक्षात ठेवा.

पाचूबंदर
भगताबद्दल कुणीच सविस्तर लिहिलं नाही म्हणून. नणंदबाईंना सांगा की महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्टला खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, धुरी, चटके या सगळ्याला सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. आणि साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवून गंडेदोरे करणं, तेही त्यात येतं. देवळात जाऊन नमस्कार करा, गाऱ्हाणं घाला, त्याला कुणाची ना नाही. पण आधीच कुणीतरी छळत असलेल्या पोरीला आणखी एका परक्या माणसासमोर बसवणं हे मला ऐकवत नाही.

काळीमांजर_मालवण
मी बावीसची आहे, फाइन आर्टला, आणि अजून काळेच कपडे घालते, त्यामुळे इथे मीच लेकीच्या बाजूने बोलू शकते बहुतेक.

सुरंगीकाकू, तुमची लेक चित्रं काढते हे तुम्ही सुरुवातीलाच लिहिलंत, सुंदर काढते असंही लिहिलंत, ते तिला सांगितलंय का कधी? रागाने नाही विचारत. मला चौदाव्या वर्षी सगळ्यात जास्त काय हवं होतं तर कुणीतरी त्या कवट्यांकडे चित्र म्हणून बघावं. वर्गात मला चेटकीण म्हणायचे. घरी बाबा मासळीच्या धंद्यातले, त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते रात्री जाळी नीट करत ओसरीवर बसायचे तेव्हा म्हणायचे लाव तुझी ती गाणी. नुसतं ऐकायचे. कधी म्हणायचे हा ढोलवाला दमत कसा नाही. बस, इतकंच. पण त्यामुळे झालं काय की जेव्हा ऑनलाइन एक माणूस माझ्याशी घाणेरडं बोलायला लागला तेव्हा सांगायला मला घरातच माणूस होता. मी बाबांना सांगितलं, कारण ते माझ्या गाण्यांना हसले नव्हते.

माझी आजी आधी फार चिडायची, "कोण मेला काय गो, काळा कित्याक घातलंस?" मामा दशावतारात काम करायचा. एकदा जत्रेला मी रंगपटात त्याच्याशेजारी पेटाऱ्यावर बसून तो तोंड रंगवतो ते बघत होते, राक्षसाच्या भुवया तो काडीने अशा ओढायचा की डोळा दुप्पट मोठा दिसायचा, ती रेघ मी अजून वापरते. तेव्हा संकासुर तयार होऊन उभा होता, डोक्यापासून पायापर्यंत काळा, आणि आजी त्याला हात जोडत होती. मी म्हटलं आजी, ह्याला चालतं आणि मला नाही? ती काही बोलली नाही, पण नंतर कपड्यांवरून भांडणं थांबली. आपल्याकडे रात्रभर राक्षस बघत मुलं आईच्या मांडीवर झोपतात. काळं आपल्याला नवीन नाहीये. ते घरातल्या माणसांसोबत बघायला मिळालं तर मुलगी एकटी पडत नाही.

आणि प्लीज तिला मामाकडे पाठवू नका. आप्पा, सॉरी, पण तिकडे फोन असेलच आणि आई नसेल.

आप्पा_गुहागर
सॉरी कशाला बेटा. लिहीत जा.

हेडबँगर_चिपळूण
काळीमांजर, तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग.

सुरंगी
इतके दिवस उत्तर दिलं नाही त्याबद्दल माफ करा. जे लिहितेय ते लेकीला विचारून लिहितेय, काही गोष्टी तिने लिहू नको म्हटलं त्या लिहिलेल्या नाहीत.

तिला स्कूटरवर घेऊन कुणकेश्वरला गेले. जाताना तिचीच गाणी ऐकत गेलो, एक कान तिचा एक माझा. परतीच्या वाटेवर गाडी चालवतानाच विचारलं, खाडीकाठ ताईंनी दिलेल्या शब्दांत. आधी काहीच नाही. मग मागून माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हो म्हणाली. गाडी बाजूला घेतली, तिथेच कलमांच्या गडग्यावर बसलो. बाही तिने स्वतः वर केली. मी त्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्या माणसाला पाहिजे होतं म्हणून केलेलंही त्यात होतं.

एक फोटो गेला होता. त्यावरून रोज धमक्या, मम्मीच्या ऑफिसात पाठवीन, शाळेच्या ग्रुपवर टाकीन. रात्री कॉलवर राहिलंच पाहिजे ही सक्ती, झोप लागली तर शिक्षा. मी आपली समजत होते की बोलते आवडीने, आणि पोर तिथे ओलीस होती. इतका संताप आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

नवऱ्याला रात्री सांगितलं. मला भीती होती तो काय करेल. तो बराच वेळ गप्प बसला, मग तिच्या खोलीत गेला, ती भिंतीकडे तोंड करून पडलेली, म्हणाला, "चल, जेव आधी. तो कोण तो माका बघूंदे." तिने फोन त्याच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी बाग गड्यांवर सोपवून तो घरी राहिला, पेट्या मुंबईला जायच्या होत्या तरी.

पोर्टलवर तक्रार केली, निळीशाई यांनी सांगितलं तसं अर्जात लिहिलं. महिला अधिकारी साध्या ड्रेसवर आल्या, शेजारी विचारलं तर पतपेढीतल्या मॅडम म्हणून सांगितलं. लेकीशी नीट बोलल्या, तुझी चूक आहे असा सूरसुद्धा नव्हता. फोन तपासाला गेलाय. 'टेक इट डाउन'चं लेकीने स्वतः केलं, मी शेजारी बसले. तपासाचं काय होईल ते माहीत नाही, समोरचा कुठल्या देशातला आहे तेही नाही.

ओरोसला दाखवलं, औषधं आणि बोलणं दोन्ही सुरू आहे. चांगले दिवस आहेत, वाईट रात्री आहेत. माझा पलंग तिच्या खोलीत हलवलाय. आधी चिडली, आता मीच घोरते म्हणून तक्रार करते. सासूबाईंना सगळं सांगितलेलं नाही, एवढंच सांगितलं की फोनवरून एक हलकट माणूस चेडवाला त्रास देत होता. त्यांनी भगताचा विषय सोडला आणि त्या माणसाला जे शिव्याशाप दिले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

काळे कपडे तसेच आहेत. काळीमांजर, तुझा प्रतिसाद तिने दोनदा वाचला आणि दशावताराचे फोटो शोधत बसली. तिने मला एक दुरुस्ती करायला सांगितलीये, गॉथ आणि ब्लॅक मेटल तिचं दोन्ही आहे पण मी त्याची खिचडी केलीये, आणि उलटा क्रॉस तिने फक्त डिझाइन म्हणून काढला होता.

आता दोन प्रश्न. नवीन फोन द्यायचा की नाही, आणि द्यायचा तर कसा? आणि जूनमध्ये शाळेत काय सांगायचं?

निळीशाई
फार धीराने घेतलंत. फोन द्या, पण तपास अधिकाऱ्यांशी बोलून, नव्या नंबरवर, नव्या अकाउंटने. जुनी नावं, जुने फोटो, जुने मित्र नव्या अकाउंटला जोडू नका, हे लोक तिथून परत शोधत येतात. डिस्कॉर्डवर २०२३ पासून 'फॅमिली सेंटर' आहे, त्यात मुलाने कुणाला मित्र केलं, कुठल्या ग्रुपमध्ये आहे ते पालकांना दिसतं, मेसेज दिसत नाहीत. ते दोघांच्या संमतीनेच जोडता येतं. चोरून बघायचं ॲप टाकू नका, तिला कळलं की आत्ता जे मिळवलंत ते जाईल. रात्री सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, बाबांचाही. आणि धमकीचा मेसेज कुठूनही आला तर वेळ न बघता उठवायचं, असं तिच्याकडून नाही तर तुम्ही तिला वचन द्या, की उठवलंस तर कुणी ओरडणार नाही.

खाडीकाठ
शाळेबद्दल. तक्रारीबद्दल शाळेला काहीही सांगायची गरज नाही, वर्गशिक्षिकेलाही नाही. ओरोसच्या डॉक्टरांकडून एवढंच पत्र घ्या की उपचार सुरू आहेत, हजेरीत आणि खेळाच्या तासाला सवलत द्यावी. पूर्ण बाह्यांचा शर्ट गणवेशात चालावा हेही त्यातच लिहून घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी प्रार्थनेच्या रांगेत कुणीतरी बाही वर करायला सांगेल. सैतानाचं वाक्य वर्गात पुन्हा उच्चारलं जाऊ नये हे मुख्याध्यापकांना भेटून सांगा, दोघं जा, नवऱ्याला घेऊन जा. लेकीला विचारा तिला वर्गात कुणाशेजारी बसायचंय, एक तरी मैत्रीण असेल तिला, आणि तीच बाकाची सोय शाळेकडून मागा.

सुरंगी
आहे एक मैत्रीण. गणिताला घाबरते आणि हिच्याकडून चित्रं काढून घेते. उद्या तिच्या आईला फोन करते.